वरची खाच, खालची खाच

चकतीकाका तरुणपणी बेकरीत ब्रेड कापायचे आणि पुढचा सगळा जन्म त्यांनी मेंदू कापण्यात घालवला. हे ते स्वतःच नव्या माणसाला सांगायचे. समोरच्याचं तोंड उघडं राहिलं की पुढचं वाक्य ठरलेलं असायचं, “फरक एवढाच, की इथल्या चकत्या कुणी खात नाही.” प्रयोगशाळेत दरवर्षी नवी मुलंमुली यायची, दरवर्षी हा विनोद व्हायचा आणि जुनी मंडळी दरवर्षी तेवढ्यापुरती खिडकीबाहेर बघायची. काकांना त्याचं काही नसायचं. चांगला विनोद एकदाच करून टाकून द्यायचा म्हणजे उधळपट्टी, असं त्यांचं मत होतं.

बेकरी बंद पडली तेव्हा एका संशोधन संस्थेच्या बागेत काम करणाऱ्या मेव्हण्याने त्यांना आत चिकटवलं. तिथला आधीचा कापणारा निवृत्तीला टेकला होता. त्याने काकांच्या शिक्षणाची चौकशी केली नाही. पाण्याने भरलेल्या बशीत टिशूपेपरचा नखाएवढा तुकडा सोडला, हातात बारीक कुंचला दिला आणि म्हणाला, “न फाडता उचल.” काकांनी उचलला. “आता सुरकुती न पाडता काचेवर पसर.” काकांनी पसरला. मुलाखत संपली. तेव्हापासून तो कुंचला त्यांच्या उजव्या कानामागे जाऊन बसला, तो घरी जाताना काढायचं त्यांच्या कित्येकदा लक्षात राहत नसे आणि बसमधली माणसं त्यांना रंगारी समजत.

मेंदू ज्यांचे कापायचे ते प्राणी म्हणजे ओपॉसम. दिसायला उंदराचे मावसभाऊ, पण नातं कांगारूशी. पोटाला पिशवी असणाऱ्यांच्या कुळातले. गंमत अशी, की या जातीच्या माद्यांना पिशवी नव्हतीच. “नावाचे पिशवीवाले,” काका म्हणायचे. “बाकी घराणं मोठं, घरात काही नाही.” पिल्लं जन्मायची ती घेवड्याच्या दाण्याएवढी, गुलाबी, अर्धवट. डोळे नाहीत, कान नाहीत, मागच्या पायांचे नुसते कोंब. तशीच पुढच्या पायांनी आईच्या पोटावरून सरपटत जायची, स्तनाला तोंड लावायची आणि मग कित्येक दिवस तिथेच लोंबकळत राहायची.

प्रयोगशाळा ज्यांची होती त्या बाई याच पिल्लांपायी आयुष्य घालवून बसल्या होत्या. काकांना त्यांनी एकदा सगळं नीट समजावून सांगितलं होतं, आणि काकांनी ते जपून ठेवलं होतं. मेंदूच्या गाभ्यात थॅलॅमस नावाचा अंड्याच्या आकाराचा एक भाग असतो. हाताला काय लागलं, गालाला काय टेकलं, डोळ्याला काय दिसलं, कानावर काय आलं, सगळ्या जाणिवा आधी तिथे येतात. एकट्या नाकाचं तेवढं वेगळं, वास आपल्या दुसऱ्याच वाटेने वर जातो. थॅलॅमसमधून बारीक बारीक तंतू निघतात आणि मेंदूच्या वरच्या सालीत जाऊन पोचतात. ते पोचले, की मग कळतं. आपल्यात हे सगळं आईच्या पोटातच उरकतं, त्यामुळे बघायला मिळत नाही. या पिल्लांत मात्र जन्मताना तंतू सालीपर्यंत गेलेलेच नसतात. ते नंतर वाढतात, आईच्या पोटाला बाहेरून लोंबकळताना. “म्हणजे ते पिल्लू सरपटत जातं तेव्हा,” काकांनी विचारलं होतं, “आपण कशाला चिकटलोय ते त्याला माहीतच नसतं?” बाई म्हणाल्या, “बहुतेक नसावं.” त्या दिवशी संध्याकाळी काकांनी हे घरी काकूंना सांगितलं. काकू पडद्याला दुमड घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आपल्याकडेही आहेत तसे. लग्नं होऊन मुलं झाली तरी माहीत नसतं.”

काकू शिवणकाम करायच्या. पडदे, कोट, शाळेचे गणवेश, गादीच्या खोळी, येईल ते. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, त्याच्या डाव्या हाताला इस्त्रीची फळी आणि मागे कपाटात चिंध्यांचे डबे. त्यांच्या हाताला कापड कळायचं. दुकानदार लोकर म्हणून जे गळ्यात मारू बघायचा ते त्या अंगठा आणि तर्जनीत धरून एकदाच चोळायच्या आणि म्हणायच्या, “यात निम्मं नायलॉन आहे. मेंढीला विचारून बघा.” अंधारात सुईत दोरा ओवायच्या. दोघांच्या बोटांवर घर चाललं होतं आणि दोघांना त्याची थोडी घमेंडही होती. लेक लग्न होऊन दूर गेली तेव्हा घरात दोनच माणसं उरली, तरी ती घमेंड घर भरून टाकायला पुरेशी होती.

मग एके दिवशी दुपारी काकू मशीनवर बसल्या होत्या, आणि उजवा हात नाहीसा झाला. त्यांनी डॉक्टरांना हेच शब्द सांगितले. हात जागेवर होता, हलत होता, मूठ वळत होती. पण डोळे मिटले की खांद्यापुढे काही नव्हतं. सुई बोटातून आरपार गेली ती त्यांना कापडावर रक्त दिसलं तेव्हा कळली.

इस्पितळात तरुण डॉक्टरने मेंदूचा फोटो उजेडासमोर धरला. “इथे थोडा रक्तस्राव झाला आहे. हा जो भाग आहे ना, याला—”

काका त्या पांढऱ्या डागाकडे बघत होते. तो कुठे आहे हे त्यांना फोटो पाकिटातून निघाल्या क्षणीच दिसलं होतं. ती जागा त्यांनी हजारदा कुंचल्यावर उचलली होती. डॉक्टरने सगळं सांगितलं, सावकाश आणि चांगल्या शब्दांत, आणि काकांनी ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकून घेतलं. आपण ब्रेडच कापत राहिलो असतो तर फार बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. मग निदान हा पोरगा सांगतो त्यावर थोडा वेळ विश्वास ठेवता आला असता.

“पहिले काही महिने वाट बघायची,” डॉक्टर म्हणाला. “जे परत यायचं ते त्या काळात येतं.”

ते महिने गेले. काही आलं नाही. काकूंनी हाताकडे बघत बघत जेवायला शिकून घेतलं, कारण नजर हलली की घास सुटायचा. शिवण सुटली. शेजारीण, जी गेली कित्येक वर्षं त्यांच्याकडून शिवून घ्यायची, एकदा आडून आडून मशीनबद्दल बोलली. तिच्या सुनेला शिकायचं होतं. काकू म्हणाल्या, “घेऊन जा. इथे नुसती धूळ खातेय.” शेजारीण भली बाई, म्हणाली, सणावाराला नको, सावकाश नेऊ, घाई काय आहे. आणि मशीन तिथेच राहिलं, वर चादर टाकून.

याच सुमारास बाईंनी नवा प्रयोग हाती घेतला होता. थॅलॅमसपासून सालीकडे जाणारी वाट तोडायची. काही पिल्लांत अगदी लवकर तोडायची, तंतू अजून तिथवर पोचायचेच असताना. काहींमध्ये उशिरा, ते पोचून घट्ट झाल्यावर. मग दोन्ही मोठी झाली की मेंदू कापून बघायचं, तंतू सालीपर्यंत गेलेत का. लवकर तोडलेल्यांत ते बाजूने वाट काढून वर जात होते. काकांनी स्वतः रंगवलेल्या चकत्यांत ते झाडूच्या काड्यांसारखे वर पसरलेले दिसायचे. उशिरा तोडलेल्यांत तिथे फक्त एक व्रण असायचा आणि वर साल कोरी.

काका प्रत्येक वेळी आधी उशिरावाल्यांची काच सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचे. ते कशासाठी, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. काकू उशिरावाल्यांतल्या होत्या.

आता इथे काकांच्या कामाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं. मेंदू दोन दोन एकत्र कापायचे. एक लवकरवाला, एक उशिरावाला, दोन्ही शेजारी शेजारी जिलेटिनच्या एकाच वडीत बसवायचे, वडी गोठवायची आणि मायक्रोटोमच्या, म्हणजे चकत्या पाडायच्या यंत्राच्या, पात्याखाली सरकवायची. म्हणजे दोघांची जाडी तीच, रंग तोच, उगाच तुझं माझं नको. पण चकत्या सुटून पाण्यात तरंगायला लागल्या की कोण कुठला ते कसं ओळखायचं? त्यासाठी वडीत घालण्याआधी काका प्रत्येक मेंदूच्या कडेला सुईने लांबलचक उथळ खाच ओढायचे. लवकरवाल्याला वरच्या अंगाला, उशिरावाल्याला खालच्या अंगाला. मग प्रत्येक चकतीच्या काठावर ती खाच दिसायची आणि ओळख पटायची. ही रीत जुन्या कापणाऱ्याने लावलेली, आणि तिच्यात एकदाही गफलत झालेली नव्हती.

मेंदू नेहमी बशीत उताणा न ठेवता पालथा, म्हणजे माथा वर करून ठेवायचा. पण त्या दिवशी त्या जोडीच्या बुडाशी पातळ पटल चिकटून राहिलं होतं. ते चिमट्याने सोडवायला काकांनी दोन्ही मेंदू उलटे केले, बुडं वर. एवढ्यात फोन आला. शेजारीण होती.

“तुम्ही जरा घरी या. घाबरू नका. काकूंचा हात भाजलाय.”

काकूंनी हट्टाने रुमालाला इस्त्री करायला घेतली होती. मध्येच दारावर कुणी हाक मारली म्हणून त्यांनी मान वळवली. हात इस्त्रीखाली राहिला. त्यांना काही कळलं नाही. शेजारीण वास आला म्हणून आत धावली. काकूंनाही वासच आला होता, पण त्यांना वाटलं रुमाल जळतोय.

काकांनी त्या दिवशी काकूंच्या हाताला पट्टी बांधून आणली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. दोन्ही मेंदू बशीत तसेच गार पाण्यात होते. त्यांनी सुई घेतली. एकाला वरच्या अंगाला खाच ओढली, एकाला खालच्या अंगाला, आणि जिलेटिन गरम करायला घेतलं. काकूंच्या भाजलेल्या हाताचा रंग सारखा डोळ्यांसमोर येत होता.

त्या वडीच्या चकत्या रंगून तयार झाल्या, तेव्हा नेहमीप्रमाणे काकांनी आधी खालच्या खाचेची चकती बघितली. आणि मग स्टूल पुढे ओढून पुन्हा बघितली. तंतू होते. गाभ्यातून निघून, तोडलेल्या जागेला वळसा घालून ते थेट सालीत शिरले होते. व्रण शोधून सापडत नव्हता.

बाई आल्या, बघितलं, उठल्या, परत बसल्या. “हा उशिराचा आहे?”

“खालची खाच आहे, बाई.”

“आणि दुसरा?”

दुसऱ्यात, वरच्या खाचेच्या मेंदूत, वाट तुटलेलीच होती. तो लवकरवाला असून वाढला नव्हता. बाई म्हणाल्या, “तो पिल्लू असतानाच अशक्त असणार. एखादा निघतो तसा.” त्यांचं लक्ष पहिल्यातच अडकलं होतं. इतक्या वर्षांत काकांनी त्यांना हसताना पाहिलं होतं, पण शीळ घालताना आज पहिल्यांदाच.

काकांनी दोन दिवस दम धरला. मग विचारलंच. “बाई, माणसात?”

बाईंना काकूंचं माहीत होतं. त्यांनी चष्मा काढला. “एका प्राण्यावरून माणसाचं काही बोलू नये. ते शास्त्राला धरून नाही.” मग काकांच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, “पण अगदी अशक्यच आहे असं आता म्हणता येणार नाही.”

काकांनी या दोन वाक्यांतलं दुसरंच घरी नेलं.

काकूंनी ऐकून घेतलं. भाजलेल्या जागी नवी कातडी आली होती, ती डाव्या हाताने चाचपत त्या म्हणाल्या, “उंदराचं मला काय सांगता?”

“उंदीर नाही गं. ओपॉसम.”

“तेच ते.” पण त्यांनी पुन्हा विचारलं, “उशिरा तुटलेलं होतं म्हणता?”

“चांगलं पोचून घट्ट झाल्यावर तुटलेलं.”

दुसऱ्या दिवशी काका कामावरून आले तर मशीनवरची चादर घडी घालून ठेवलेली होती. काकूंनी शेजारणीला निरोप दिला होता, की मशीन सध्या देत नाही, राग मानू नकोस. काकांनी ती घडी उचलून कपाटात ठेवली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी एक नेम सुरू झाला. चिंध्यांचा डबा मध्ये घ्यायचा. काकूंनी डोळे मिटून उजवा हात टेबलावर उताणा ठेवायचा. काकांनी डब्यातून एक चिंधी काढून तळहातावर ठेवायची. काकूंनी बोटं मिटून चोळायचं आणि कापड ओळखायचं. पहिले काही आठवडे नुसता अंधार. “काही आहे का हातात?” काकू विचारायच्या, आणि हातात गोणपाटाचा खरखरीत तुकडा असायचा. काका म्हणायचे, “घाई कशाला? त्यालाही वेळ लागलाच असेल.” ओपॉसमबद्दल ते आता घरातल्या कुणाबद्दल बोलावं तसं बोलायला लागले होते.

एके दिवशी काकूंनी बोटं मिटली, थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, “गोणपाट.”

गोणपाटच होतं. काका उठून उभे राहिले. काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी जाऊन दिवा लावला, जो लागलेलाच होता, त्यामुळे तो विझला. अंधारात दोघंही हसत सुटले. घरात एवढं हसणं झाल्याला फार दिवस झाले होते.

त्यानंतर हळूहळू जमायला लागलं. गोणपाट आणि लोकर बहुतेक वेळा. सॅटिन नेहमी. सुती कापड कधी कधी. मखमल मात्र कधीच नाही. काकांनी लेकीला फोनवर सांगितलं. मेव्हण्याला सांगितलं. बसमधल्या एका अनोळखी माणसाला सांगितलं, ज्याने कुंचला बघून घर रंगवायला किती घ्याल असं विचारलं होतं. बाईंना मात्र सांगितलं नाही. एका बाईमाणसावरून काही बोलू नये, म्हणाल्या असत्या.

बाईंना परिषदेला जायचं होतं. तिथे भिंतीवर लावायला मोठं चित्र हवं होतं आणि त्यासाठी त्या मेंदूची सगळ्यांत देखणी चकती निवडायचं काम काकांकडे आलं. सकाळची वेळ होती, उजेड चांगला होता. काका एक एक काच सरकवत होते. एक चकती फारच सुंदर निघाली होती, कुठे सुरकुती नाही, रंग एकसारखा. फक्त खाचेच्या जागी काठ थोडा उचललेला होता. तो चित्रात वाईट दिसेल का, म्हणून त्यांनी भिंग मोठं केलं.

सुईने खाच ओढली की एका बाजूला ओठासारखा बारीक काठ उठतो. काकांची सुई नेहमी तिरकी असायची, त्यामुळे तो ओठ नेहमी बशीकडे, म्हणजे मेंदूच्या बुडाकडे झुकलेला असायचा. हे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. लक्षात यावं असं त्यात काही नव्हतंच. या चकतीत तो ओठ माथ्याकडे झुकला होता.

काकांनी काच सरळ करून पुन्हा बघितली. मग दुसरी चकती लावली, मग तिसरी. मग शेजारच्या, वरच्या खाचेच्या मेंदूच्या. सगळीकडे ओठ माथ्याकडे. ओठ बशीकडे झुकतो. म्हणजे खाच ओढली तेव्हा माथा बशीत होता. मेंदू उलटे होते. काकांच्या हाताने वरच्या अंगाला म्हणून जी खाच ओढली ती खरं तर खालच्या अंगाला पडली होती, आणि खालची वर. फोन आला, काका घरी गेले, आणि परत आल्यावर ते मेंदू सरळ करायचे राहून गेले.

तंतू वाढलेला तो लवकरवालाच होता. अशक्त म्हणून सोडून दिलेला तो उशिरावाला. जगात काहीही वेगळं घडलं नव्हतं.

त्यांनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. हे फक्त त्यांनाच दिसणारं होतं. बाईंना दिसलं नसतं, परिषदेतल्या कुणाला दिसलं नसतं. काच पुसून ठेवली असती तर तो ओपॉसम भिंतीवर जाऊन बसला असता आणि घरी रोज संध्याकाळी टेबलावर हात उताणा पडत राहिला असता. काका जेवणाच्या सुट्टीत जेवले नाहीत. बागेत जाऊन बसले. मेव्हणा गवत कापत होता, त्याने विचारलं, “काय झालं, दाजी?” काका म्हणाले, “काही नाही, डोळे दुखताहेत.”

दुपारी ते बाईंच्या खोलीत गेले आणि काय झालं ते सांगून टाकलं.

बाईंनी स्वतः येऊन बघितलं. त्यांना आधी ओठ दिसेना, मग काकांनी दाखवला. “तुम्हाला नक्की आठवतंय? उलटे होते?”

“आठवत नाही, बाई. पण दिसतंय ना.”

बाईंनी बाकीच्या काचाही स्वतः लावून बघितल्या. काकांना वाटलं, आता रागावतील, रागावल्या तर बरं. पण त्या म्हणाल्या, “त्या दुसऱ्याला मी अशक्त म्हणाले. काही तपासलं नाही, नुसतं म्हणून मोकळी झाले. मलाही हा हवाच होता ना.” मग त्यांनी डोळे पुसले ते चष्म्याच्या निमित्ताने. “म्हणजे उशिराच्यांत एकही नाही.”

“एकही नाही.”

“काका, तुम्ही घरी सांगितलं होतंत का?”

“हो,” काका म्हणाले.



बसमध्ये काकांनी वाक्यं जुळवून बघितली. अगं, एक गडबड झाली. अगं, माझीच चूक. अगं, तो दुसराच निघाला. कुठलंच वाक्य पुढे सरकेना. तुझा हात भाजला त्या दिवशीची गोष्ट, असं सुरू केलं तर तिला वाटेल की तिच्यामुळेच झालं. पण सांगायला हवं होतं. ज्या माणसाने बाईंना सांगितलं त्याने बायकोला न सांगणं म्हणजे बायकोला बाईंपेक्षा कमी लेखणं. आणि शिवाय, त्यांनी मनाशी म्हटलं, ओपॉसमचं काहीही असो, हिला तर कळायला लागलंच आहे. गोणपाट कळतं, लोकर कळते, सॅटिन कळतं. ते काही खाचेवर अवलंबून नाही. या विचाराला धरून ते घरापर्यंत आले.

काकू टेबलाशी बसल्या होत्या. डबा मध्ये. खिडकीतून येणाऱ्या उजेडात मशीन पुसून लख्ख केलेलं होतं.

“उशीर झाला?” त्या म्हणाल्या. “चेहरा का असा?”

“बस मिळेना. तुला एक सांगायचंय.”

“आधी हे करून घेऊ. मग चहा टाकते, मग सांगा.” त्यांनी डोळे मिटले आणि उजवा हात टेबलावर उताणा ठेवला.

काकांनी डब्यात हात घातला. सॅटिनचा तुकडा वर आला, निळा, कुणाच्या तरी कोटाचं अस्तर. तो त्यांनी डब्यातून ओढून काढला तेव्हा सळसळ झाली. तुकडा हातात धरून ते तसेच थांबले. आता सांगायचं की नंतर, एवढंच डोक्यात घोळत होतं. तुकडा त्यांच्याच मुठीत राहिला.

काकूंची बोटं मिटली. रिकाम्या तळहातावर अंगठा तर्जनीवरून फिरला, सावकाश, दोनदा, कापड जोखावं तसा. कपाळावर विचार करणारी आठी पडली.

“सॅटिन,” त्या म्हणाल्या.

काका त्या रिकाम्या हाताकडे बघत राहिले. सॅटिन सळसळतं. गोणपाटाला वास असतो, लोकरीलाही. सुती कापड फडकतं कधी कधी. मखमल काही बोलत नाही आणि तिला वासही नसतो. जन्मभर कापडात बसलेल्या बाईला यासाठी हात कशाला लागतो? तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, की हातात काही येत नाही, आणि येणारही नाही. दिवा विझवून हसलेल्या नवऱ्यासाठी ती रोज इथे बसत होती. आणि आपण तिच्यासाठी बसत होतो.

“काय?” काकू डोळे मिटूनच म्हणाल्या. “चुकलं का?”

काकांनी सॅटिनचा तुकडा अलगद त्यांच्या तळहातावर ठेवला. चकती काचेवर ठेवतात तसा, जराही आवाज न करता.

“बरोबर,” ते म्हणाले.

काकूंनी डोळे उघडले आणि आधी हाताकडे बघितलं, तुकडा तिथे आहे ना ते. मग काकांकडे बघून हसल्या. “बघा. येतंय हळूहळू.”

“येतंय.”

“तुम्ही काय सांगणार होतात?”

काकांनी कानामागचा कुंचला काढून खिशात ठेवला. “काही नाही गं,” ते म्हणाले. “बाई परिषदेला चालल्यात.”